सासरी न गेलेली भुलाबाई

ये अशी, जवळ ये. दारात उभं राहून 'कशी आहेस आजी' विचारायची ही कुठली रीत? फोनवरसुद्धा तू उभीच असतेस, मला इकडे कळतं. मागून गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी तुला हाक मारतंय, आणि तू म्हणतेस, 'आजी, रविवारी निवांत बोलू हं.' किती रविवार गेले गं? मी मोजत नाही. मोजले तर तुलाच वाईट वाटेल. तू पुण्यात आहेस आणि मी इथे देऊळघाटला, हे मला कळतं. पण कागदावर तुला समोर बसवायला माझं काय जातं? बस. पाय वर घे. बाजेवर वाकळ अंथरली आहे, तुझ्या आजीच्या लुगड्यांचीच आहे.

तुझी आजी म्हणजे माझी मोठी जाऊ. मी तिला मोठ्या बाई म्हणायचे, ती मला लहाने म्हणायची. मी या घरात आले तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या हातातला पाण्याचा गुंड काढून घेतला आणि म्हणाली, "लहाने, आज बस. उद्यापासून हायेच मरेपावतर." तिथून आम्ही दोघी पन्नासाच्या वर वर्षं एका चुलीवर जेवलो. मला मूल झालं नाही. तिला एकच, तुझी आई. तुझी आई दोघींच्या मांडीवर वाढली, म्हणून तू मला चुलत आजी न म्हणता नुसती आजी म्हणतेस. ते मला फार आवडतं, हे कधी बोलले नव्हते. आता बोलले.

तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि एक विचारायची आहे. विचारायची ती शेवटी. आधी सांगते, कारण तुझ्या आजीची एक वस्तू मी तुला न विचारता बुलढाण्याच्या संग्रहालयात देऊन बसले आहे.

तू भुलाबाई पाहिली नाहीस. म्हणजे मखरात बसलेली, पोरी समोर टाळ्या वाजवून गाणी म्हणताहेत, अशी पाहिली नाहीस. तुमच्याकडे सोसायटीत गरबा होतो असं तुझी आई सांगत होती. तर आमच्या वऱ्हाडात काय असतं, की भादव्याच्या पुनवेला भुलाबाई माहेरी येते. भुलाबाई म्हणजे पार्वती. तिच्याबरोबर भुलोजी असतात, म्हणजे आपले शंकर, आणि मांडीवर गणेश. सगळी मातीची, वीतभर उंचीची. कोनाड्यात बसवायची आणि महिनाभर रोज संध्याकाळी गल्लीतल्या पोरींनी एकेकीच्या घरी जाऊन गाणी म्हणायची. गाणी संपली की खाऊ. पण तो खाऊ असा हातावर मिळत नाही! घरातली बाई झाकण लावलेला डबा पुढे आणते, कानाशी हलवून दाखवते, आणि पोरींनी आवाजावरून ओळखायचं, आत काय आहे. ओळखलं तरच डबा उघडायचा. मग कोजागिरीला पाच धांड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या ताटांचा, मखर करायचा, शेवटची गाणी म्हणायची आणि भुलाबाईला नदीत सोडायचं. ती सासरी गेली. नदीवर न्यायची ती घरातल्या लेकीबाळींनीच. आम्ही सुना नदीपर्यंत जात नाही, दारातूनच तिची ओटी भरून हात जोडतो. आपल्या घरची रीत अशीच आहे.

बाकीचे लोक बाजारातून भुलाबाई आणत. तुझी आजी स्वतः करायची. गढीची पांढरी माती, ती चाळून दोन दिवस भिजवायची आणि तिच्यात कापूस पिंजून मिसळायचा. कापसानं माती तडकत नाही. मी शेजारी बसून कापूस पिंजायचे, तेवढंच मला जमायचं. रंगाला चुना, गेरू आणि कपड्यांना घालतो ती नीळ. ओठाला कुंकू. डोळे ती सगळ्यात शेवटी काढायची, काडीला चिंधी गुंडाळून, आणि तेव्हा मला बोलू द्यायची नाही. मला तर बोलल्याशिवाय राहवत नाही! मी तोंडात सुपारी धरून बसायचे.

एकदा मी म्हटलं, "मोठ्या बाई, इतकं सुंदर करता आणि महिन्याभरात पाण्यात. जीव कसा होतो?"

तर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीले बी सुंदर करूनच धाडतो नं आपण? मग हिले काऊन नाई?"

तुझ्या आईचं लग्न झालं त्या वर्षाची ही गोष्ट. तुझी आई पुण्याला गेली आणि घरात लेक उरली नाही. तरी तुझ्या आजीनं भुलाबाई बंद केली नाही. गल्लीतल्या पोरी यायच्या, आधी पंधरा-वीस, मग सात-आठ. त्याच तिला नदीवर न्यायच्या, तुझी आजी म्हणायची, गल्लीच्या लेकी त्या आपल्याच. मग पोरींच्या ट्यूशनी लागल्या, संध्याकाळचं घराबाहेर पडणं कमी झालं. शेवटच्या वर्षी दोघीच यायच्या, आमच्या मागच्या घरातली आणि तिची मामेबहीण, आणि त्यासुद्धा गाणी मोबाईलवर बघून म्हणायच्या. तुझी आजी त्यांनाही डबा हलवून दाखवायची. फार लबाड होती गं त्यात. फुटाणे असले की त्यात कापसाचा बोळा कोंबायची, आवाजच यायचा नाही. पोरी म्हणायच्या शिरा. मग हसून हसून तिच्या डोळ्यात पाणी.

त्याच वर्षी ती गेली. कोजागिरीला आठ दिवस होते. दुपारी जेवून बाजेवर पडली, म्हणाली, "लहाने, पाच वाजता उठव, पोरी येतीन." मी पाचला हाक मारली.

तुला तेव्हा बारावीची सहामाही परीक्षा होती, तू आली नाहीस. मी रागावले नाही. तुझी आई आली, पंधरा दिवस राहिली. घरात सुतक, माणसांची ये-जा, कुणी तरी कोनाड्यावर टॉवेल टाकून दिला होता. कोजागिरी कधी आली, कधी गेली, मला कळलं नाही. एका सकाळी झाडताना टॉवेल ओढला आणि पाहते तर भुलाबाई तशीच बसलेली. नीळ थोडी उडालेली, डोळे टक्क उघडे. भुलोजी शेजारी. सगळ्या घरच्या भुलाबाया सासरी पोचल्या होत्या आणि आमची माहेरीच राहिली होती.

समोरच्या घरातली म्हातारी, तिच्या जिभेला हाड नाही, दुसऱ्या दिवशी दारात उभी. "काय वं, भुलाबाईले कोंडून ठेवलं का काय तुवं?"

मी म्हटलं, "सुतक होतं नं, माय."

"सुतक सरलं की. मग आता?"

आता काय? कोजागिरी गेलेली. तिच्या पाठवणीचा दिवस गेलेला. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नवीन बसेल तिच्याबरोबर हिलाही पाठवू. पण पुढच्या वर्षी नवीन कोण करणार होतं? मी माती भिजवली होती, सांगते तुला. तीन दिवस भिजवली, कापूस पिंजला, बसले. तो तुझ्या आजीचा हात! माझी भुलाबाई झाली ती आपल्या जुन्या तलाठ्यासारखी. नाक उन्हात तडकून खाली पडलं. मी ती माती परत पाण्यात घातली आणि तुळशीला टाकली. पोरीही आल्या नाहीत. मागच्या घरातली नर्सिंगला बुलढाण्यात होस्टेलवर राहायला गेली होती. कोजागिरीला मी एकटीनं दूध आटवलं आणि दोन वाट्या भरल्या. सवयीनं. दुसरी वाटी मग सकाळी मीच प्याले.

तर अशी ती माझ्याकडे राहिली. आणि खरं सांगू? मला बरं वाटायचं. घरात चार भिंती, एक घड्याळ, एक मी. संध्याकाळी दिवा लावला की मी कोनाड्याकडे तोंड करून बसायचे आणि दिवसभराचं सगळं सांगायचे. आज दूधवाल्यानं पाणी घातलं. आज डोळ्याच्या डॉक्टरकडे गेले होते, तो म्हणाला अजून पिकला नाही मोतीबिंदू. आज कुणीच आलं नाही. शेवटचं वाक्य बहुतेक रोजचं.

दुसऱ्या उन्हाळ्यात संग्रहालयाच्या मॅडम आल्या. तरुण बाई, नागपूरकडची, खांद्यावर पिशवी, हातात वही. बुलढाण्यात जुन्या बंगल्यात लोककलेचं संग्रहालय निघतंय, गावोगावच्या वस्तू गोळा करतोय, असं त्या सांगत होत्या. आमच्या गल्लीतून त्यांनी कुणाची तरी जुनी कणगी नेली, कुणाचे पोळ्याचे लाकडी बैल नेले. माझ्याकडे पाणी प्यायला थांबल्या आणि कोनाड्याकडे बघतच राहिल्या. पेला हातातच.

"आजी, ही कधीची?"

मी सांगितलं. सगळं नाही सांगितलं. जाऊबाईंनी केली, त्या गेल्या, एवढंच.

"ही आम्हाला द्याल? तीन वर्षांसाठी. तीन वर्षांनंतर तुम्हाला वाटलं तर परत, वाटलं तर कायमची. कागद करू तसा."

मी हो म्हटलं. आता तू विचारशील, काऊन म्हटलं हो? मला वाटलं, कोनाड्यात मी एकटी बघते, तिथं चार लोक बघतील. मला वाटलं, माझ्यानंतर हिचं काय? आणि वाटलं, तेवढंच तिचं कुठे तरी जाणं होईल. सासर नाही तर बुलढाणा. त्यांनी तिला कापसात गुंडाळलं, खोक्यात ठेवलं आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन बसल्या. मी दारातून हात जोडले. खोकं वळणावरून गेलं तेव्हा आठवलं, ओटी भरायची राहिली.

त्या संध्याकाळी कोनाड्याकडे तोंड करून बसले आणि बोलता येईना.

संग्रहालय उघडल्यावर मी गेले. आता दर मंगळवारी जाते. सोमवारी ते बंद असतं. सकाळच्या बसनं जायचं, दुपारच्या बसनं परत. दोन दालनं आहेत. पहिल्यात जुनं सगळं. सुपं, शिंकी, महालक्ष्म्यांचे मुखवटे, भिंतीवरची नागपंचमीची चित्रं कुणी तरी कागदावर उतरवलेली. एक वाकळ आहे, ती बघून मी हसले, आपल्या बाजेवरची हिच्यापेक्षा चांगली आहे. दुसऱ्या दालनात आजच्या माणसांनी केलेलं. मोटारसायकलच्या साखळीचा आणि नट-बोल्टांचा पोळ्याचा बैल आहे, शिंगांना स्पार्क प्लग. खताच्या पोत्याच्या दोऱ्यांची गोधडी आहे. एका बाईनं प्लायवूडवर तेलरंगात जत्रा काढली आहे, तिच्यात एक माणूस मोबाईलवर फोटो काढतो आहे आणि बैल त्याच्याकडे बघतो आहे. मला फार आवडली. त्या दालनात प्रत्येक वस्तूखाली करणाऱ्याचं नाव आहे, फोटो आहे. पहिल्या दालनात नुसत्या वस्तू. ज्यांनी केल्या ते गेले, आणि विचारायला कुणी उरलं नाही.

आपली भुलाबाई पहिल्या दालनात मध्यभागी आहे. चारी बाजूंनी काच. पहिल्यांदा गेले तेव्हा मी समोर उभी राहिले, हात जोडले, मग लोक होते म्हणून बाजूला सरकले. सरकत सरकत मागे गेले. आणि मागे जाऊन मी खालीच बसले गं.

घरी ती कायम कोनाड्यात, पाठ भिंतीला. तिची पाठ मी कधी पाहिलीच नव्हती. तुझ्या आजीनं पुढून सगळं गुळगुळीत केलं होतं, पदराच्या चुण्यासुद्धा काढल्या होत्या. पण पाठ भिंतीकडे जाणार म्हणून तशीच सोडली होती. ना चुना, ना गेरू. आणि त्या कच्च्या मातीवर खांद्यापासून खाली तिचे अंगठे. एकाखाली एक. वरून खाली दाबत आणलेले. तिच्या उजव्या अंगठ्यावर विळ्याची जुनी खूण होती, तिरपी. प्रत्येक ठशात ती तिरपी रेघ होती.

चौकीदार धावत आला. "आजी, काय झालं? चक्कर आली काय?"

मी म्हटलं, "नाई रे बापा. वळखीचं माणूस भेटलं."

तो पन्नाशीचा आहे, मिशा पिकलेल्या, बायकोच्या तक्रारी सांगतो. त्या दिवसापासून मी गेले की काचेच्या मागच्या बाजूला स्टूल आणून ठेवतो. "घ्या, तुमची सीट रिझर्व." लोक समोरून बघतात, मी मागून बसते. त्याला वाटत असेल, म्हातारी खुळी आहे. पण बोलत नाही.

मागच्या वर्षी भुलाबाईच्या दिवसांत मी डबा घेऊन गेले. पिशवीत, साडीच्या घडीखाली. मनात असं, की काचेबाहेर का होईना, एकदा तिच्यापुढे हलवायचा. तर दारातच चौकीदारानं पिशवी चाचपली.

"आजी, खायाचं आत नेता येत नाई. मुंग्या लागतात. मॅडम मले फाडून खातीन."

"खायाचं नाई ते."

"मग काय हाय?"

"तूच वळख."

त्यानं डबा घेतला आणि काय सांगू, अगदी सवयीनं कानाशी नेऊन हलवला. "शेंगदाणे."

"नाई."

"मुरमुरे? मुरमुरे इतके जड नसतेत. फुटाणे."

"नाई."

"आजी, मले ड्यूटी हाय बरं! खोबऱ्याचे तुकडे?"

"हरला?"

"हरलो, सांगा आता."

मी झाकण काढलं. आत साखरफुटाणे होते आणि मध्ये कापसाचा बोळा. तो आधी बघतच राहिला, मग असा हसला की आतून मॅडम बाहेर आल्या. मीही हसले. तोंडाला पदर लावून, पोटात दुखेपर्यंत. तुझ्या आजीनंतर मी पहिल्यांदा तशी हसले असेन. आम्ही तिघांनी बाहेरच्या पायरीवर बसून ते साखरफुटाणे खाल्ले. चौकीदार म्हणाला, "लहानपणी आमच्या बहिणी खेळायच्या हे. आम्हाले आत घेत नव्हत्या. आम्ही खिडकीतून वळखायचो आणि वरडायचो, मग मार."

पण आत ती बसलीच होती. काचेत, खाऊशिवाय.

मग गेल्या उन्हाळ्यात कॉलेजची पोरं आली होती, मी माझ्या स्टुलावर. मॅडम त्यांना समजावून सांगत होत्या. भुलाबाईच्या काचेपुढे एक पाटी आहे, त्यावर माती, कापूस, चुना, गेरू, नीळ असं लिहिलं आहे, आणि खाली लिहिलं आहे की या मूर्ती कोजागिरीला पाण्यात सोडत असल्यामुळे जुन्या सहसा मिळत नाहीत. मला ती पाटी पाठ आहे, पण कुणी मोठ्यानं वाचलेली पहिल्यांदाच ऐकली. मॅडम म्हणाल्या, "म्हणून ही फार मोलाची आहे. एका कुटुंबानं ती इतकी जपून ठेवली."

पोरांनी मान हलवली. एक पोरगी म्हणाली, "वा, किती जपलं आहे!"

मला उठून सांगावंसं वाटलं, जपलं नाही गं बाई. राहून गेली ती. सगळ्यांच्या गेल्या म्हणून सापडत नाहीत, आणि ही सापडते कारण मी तिला पाठवायला विसरले. तुम्ही ज्याचं कौतुक करताय ती माझी चूक आहे, काच लावून मध्यभागी ठेवलेली. पण तोंडातून शब्द निघाला नाही. मी, जिला बोलल्याशिवाय राहवत नाही. 

आता विचारायचं ते.

तीन वर्षं झाली. मॅडमनी कागद दिला आहे, तो घड्याळाच्या मागे ठेवला आहे. त्यावर दोन चौकोन आहेत, एक 'कायमची देणगी' आणि एक 'परत'. मला म्हणाल्या, "आजी, घाई नाही, पण कोजागिरीपर्यंत सांगा, मग दालनाची नवी मांडणी करायची आहे. आणि वस्तू तुमच्या जाऊबाईंची होती, तर त्यांच्या वारसाची सही लागेल."

मी तुझ्या आईला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, मी ती परत घ्या असं म्हटलं तर आईची शेवटची खूण पाण्यात जाईल. आणि राहू द्या असं म्हटलं तर आईलाच आवडणार नाही. मला नाही ठरवता येत. माझी लेक म्हणेल तसं. तिच्या सांगण्यावर मी सही करेन."

बघ, म्हणजे ते तुझ्यावर आलं.

मी तुला माझ्या मनातलं सांगते, मग तू तुझं सांग. पहिल्यांदा मला वाटलं, राहू दे. काचेत तर काचेत. मला मंगळवार आहे. ते अंगठे पाण्यात घातले तर मिनिटभरात विरघळतील, कच्ची माती ती. मग मी कुणाकडे जाऊ? बसच्या खिडकीतून बघत बघत जाते, पायऱ्या चढते, चौकीदार स्टूल आणतो, एवढ्यानं माझा आठवडा उभा राहतो. हे सोडायचं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

पण ती पाटी मोठ्यानं वाचलेली ऐकल्यापासून झोप नीट नाही. पाच कोजागिऱ्या झाल्या. पाच वर्षं ती माहेरी बसून आहे, आणि तिला ठेवलंय कोणी? मी. सुतकाचं निमित्त होतं ते पहिल्या वर्षी. पुढची चार वर्षं मीच धरून ठेवली, कारण घरात कुणी नव्हतं. तुझ्या आजीनं पोटची एकुलती एक लेक सुंदर करून पाठवली आणि तोंडावर हसू ठेवलं. मागे स्वयंपाकघरात येऊन पिठाच्या डब्यावर बसली आणि रडली, ते मी एकटीनं पाहिलं. पण पाठवली. आणि मी तिची मातीची लेकही पाठवू शकले नाही.

म्हणून मला वाटतं, परत घ्यावी. मॅडमना मी सांगितलं, तर त्या आधी हळहळल्या, मग म्हणाल्या, "आम्ही आधी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो काढतो. पाठीचे पण. आणि पाटीवर करणाऱ्यांचं नाव लिहितो, फोटोसोबत ठेवू." म्हणजे पहिल्या दालनात पहिलं नाव तुझ्या आजीचं लागेल. चौकीदार तेवढा रुसलाय. "मंग तुम्ही मंगळवारी कायले याल? माह्या स्टुलावर कोन बसन?" मी म्हटलं, "येईन रे, नट-बोल्टांचा बैल पाह्याले." पण बघू.

तुला वाटलं, की नाही, आजीचे अंगठे राहिले पाहिजेत, पुढे माझ्या मुलांना दाखवीन, तर तसं म्हण. मी 'देणगी'च्या चौकोनात खूण करीन आणि शब्द काढणार नाही. हक्क तुझा आहे. पण फोनवर नको ठरवूस. फोटो बघूनही नको. ये, आणि मग ठरव. आपण दोघी आधी संग्रहालयात जाऊ. तिची पाठ बघ. मॅडमनी कबूल केलं आहे, तू आलीस की काच उघडतील आणि ती तुझ्या हातात देतील. मलाही तीन वर्षांत हात लावू दिला नाही, बरं का! तेव्हा तुझा अंगठा तुझ्या आजीच्या अंगठ्यात ठेवून बघ. ती तिरपी रेघ हाताला लागते का बघ. आणि मग सांग.

घरी आणली तर मखराला धांडे मी सांगून ठेवते. गाणी मला सगळी येतात, तुला फक्त टाळ्या वाजवायच्या आहेत. ओटी मी भरीन, या वेळी विसरणार नाही. पण नदीवर मी नेऊ शकत नाही, सून आहे ना. लेकीबाळीनंच न्यावी लागते, आणि तुझ्या आईच्या हातून आईची खूण सोडवणार नाही, म्हणजे या घरात तेवढी एक तूच उरलीस. गल्लीत आता विचारायला कुणी पोरगी नाही.

तर कोजागिरीच्या आधी दोन दिवस ये. सुट्टी मिळत नाही असं सांगू नकोस, तुझ्या आईनं सांगितलं आहे तुझ्या सुट्ट्या शिल्लक आहेत. पुण्याहून रात्रीची बस सकाळी बुलढाण्याला सोडते, मी स्टँडवर उभी असेन, हिरव्या लुगड्यात, ओळखशील. डबा भरून ठेवते. आत काय आहे ते आता सांगत नाही, आल्यावर हलवून ओळख. ये लवकर.